गोव्याच्या हवेत पितळी मूर्ती सांभाळायच्या तर

पुण्या-नाशकात दिवाळीला एकदा घासली की वर्षभर पुरणारी पितळी मूर्ती गोव्यात आली की काही आठवड्यांत काळवंडते. एक पावसाळा काढला की पायांशी, प्रभावळीच्या खाचेत हिरवं दिसू लागतं. मग घरोघरी एकच उपाय सुचतो: लिंबू, मीठ आणि दंडातला जोर. मूर्ती दोन दिवस झळकते आणि नंतर पहिल्यापेक्षा लवकर काळी पडते.

बदली होऊन इकडे आलेल्यांसाठी, समुद्राजवळ फ्लॅट घेतलेल्यांसाठी आणि फोंडा-डिचोलीकडच्या मूळ घरातल्या मूर्ती पहिल्यांदाच ज्यांच्या वाट्याला आल्यात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं घर दोना पावल्याच्या बाजूला, थेट खाऱ्या वाऱ्यात. सासरच्या जुन्या घरातून आलेला गरुड, नृसिंह, बाळकृष्ण आणि मी घेतलेला नटराज असा सगळा परिवार त्याच हवेत राहतो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काळेपणाने पितळेचं काही बिघडत नाही. बिघडतं ते मिठाने, ओलीने आणि अंगावर राहून गेलेल्या आंबटाने. तेव्हा घासायचा उत्साह निम्म्यावर आणा आणि वाचलेला वेळ वाळवण्यात घाला.

१. आधी ते पितळच आहे ना, ते बघा

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. कांस्यात जस्ताऐवजी कथील असतं. पंचधातूच्या मूर्तीतही बहुतांश तांबंच असतं. घरच्या घरी पितळ की पंचधातू हे ठरवता येत नाही आणि निगेच्या दृष्टीने फरकही पडत नाही. मात्र नुसता सोनेरी मुलामा असलेली मूर्ती ओळखता आली पाहिजे, कारण ती घासली की मुलामा जातो आणि खालून राखाडी धातू डोकावते.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. पितळेला चुंबक चिकटत नाही. फक्त बैठकीला चिकटला तर आत वजनासाठी लोखंड भरलेलं असू शकतं.

दुसरी परीक्षा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरची, फक्त भरीव मूर्तीसाठी. मूर्तीचं कोरडं वजन करा, समजा ८५० ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. मूर्तीला मजबूत दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, हातातच धरून ठेवा. काट्यावर आता समजा १०० दिसले, तर ८५० ला १०० ने भागा: साडेआठ. पितळेचा आकडा साधारण ८.४ ते ८.७ येतो. ओतीव जस्ताच्या मूर्तीचा सातच्या खाली राहतो, ॲल्युमिनियमचा २.७ च्या आसपास. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा ही पाच मिनिटांची परीक्षा बरी.

पोकळ मूर्ती पाण्यात बुडवू नका. तळाशी भोक असतं, टिचकी मारली की घुमते, आकाराच्या मानाने हलकी लागते, ती पोकळ. अशा मूर्तीच्या पोटात पुष्कळदा ओतकामाची माती राहिलेली असते. ती पाणी पिते आणि मग महिनोन् महिने सांध्यांतून ओल बाहेर येत राहते.

२. वर लॅकर आहे का?

दुकानात लखलखणाऱ्या बऱ्याच नव्या मूर्तींवर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो शाबूत असेपर्यंत मूर्तीला फक्त कोरडा मऊ कपडा दाखवायचा. घोळ होतो तो थर जागोजागी फुटला की. फटीतून हवा आत जाते, थराखाली काळे-हिरवे पट्टे पळतात आणि वरून कितीही पॉलिश लावलं तरी डाग हलत नाहीत, कारण पॉलिश धातूपर्यंत पोचतच नाही.

ओळखायचं असं: तळाशी, न दिसणाऱ्या जागी कपड्यावर चिमूटभर पॉलिश घेऊन चोळा. कपडा काळा झाला तर धातू उघडी आहे. पांढराच राहिला तर वर थर आहे.

फुटका थर काढायचाच असेल तर ॲसिटोन लागतं. नेलपॉलिश रिमूव्हर घेणार असाल तर बाटली वाचून घ्या, हल्ली बरेचसे ॲसिटोनविरहित असतात आणि ते इथे उपयोगाचे नाहीत. कापसाचा बोळा, रबरी हातमोजे, उघडी खिडकी. आणि घरात निरांजन, समई, गॅस काहीही पेटलेलं नको. ॲसिटोन झटकन पेट घेतं, त्यामुळे हे काम देवघरात बसून करायचं नाही.

मुद्दाम काळपट केलेल्या, ‘अँटिक फिनिश’च्या मूर्ती वेगळ्या. त्यांचा काळेपणा रसायनाने आणलेला असतो. ती घासून पिवळी केली की पैसे ज्यासाठी मोजले तेच गेलं.

३. डागाचा रंग वाचा

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळी चूकभूल इथेच होते.

*तपकिरी किंवा काळा, एकसारखा:* हवा, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातली वाफ यांनी चढलेला थर. तो खालच्या धातूला थोडंफार जपतोच. जुन्या मूर्तीवर हा रंग राहू द्यावा, असं माझं मत. शोभेचा नटराज काळपट तपकिरीच छान दिसतो. चकचकीत केला की हॉटेलच्या स्वागतकक्षातला वाटतो.

*हिरवा, घट्ट, खाचांत बसलेला:* कळंक. आंबट, तेल किंवा पंचामृत राहून गेलं असणार. ताक कळकतं ते याच कारणाने. हा साफ करता येतो.

*फिकट हिरवा, भुकटीसारखा, ठिपक्याठिपक्यांचा:* हा खरा काळजीचा. मिठातलं क्लोराइड धातूत शिरलेलं असतं. पुसला तरी काही दिवसांत त्याच जागी परत येतो आणि खाली बारीक खड्डा पडत जातो. समुद्राजवळच्या घरांत हाच जास्त दिसतो.

*गुलाबी-तांबूस चट्टे:* पितळेतलं जस्त निघून गेलं आणि तांबं उरलं. आंबटात तासन् तास बुडवून ठेवलेल्या मूर्तींवर हे हमखास येतात. ते घासून जात नाहीत. घासाल तितके वाढतील. आंबट बंद करा आणि चट्टे तसेच राहू द्या.

४. जमवायचं सामान

सगळं पणजी, मडगाव, म्हापसा कुठल्याही बाजारात मिळतं, एखादी वस्तू ऑनलाइन मागवावी लागेल.

- मऊ टूथब्रश, रंगकामाचा बारीक ब्रश, बांबूच्या काड्या
- जुनी सुती लुगडी-धोतरं फाडून केलेले कपडे, भरपूर
- भांडी धुण्याचा सौम्य द्रवसाबण किंवा रिठ्याचं पाणी
- शेवटच्या विसळण्यासाठी आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी
- खाण्याचा सोडा
- प्रेसिपिटेटेड चॉकची पूड (केमिकल विकणाऱ्या दुकानात मागा, फळ्याचा खडू नको)
- केस वाळवायचा ड्रायर
- मायक्रोक्रिस्टलाइन मेण
- सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचे डबे
- छोटं डिजिटल आर्द्रतामापक

यात लोखंडी घासणी, स्टीलवूल, हिरवी खरखरीत स्पंज, रांगोळी आणि वाळू नाही, हे लक्षात आलं असेलच. रांगोळीने पितळ चमकतं कारण ती धातूचा थरच खरवडते. पिढ्यान् पिढ्या रांगोळीने घासलेल्या बाळकृष्णाचं नाक आणि डोळे बघा, सपाट झालेले दिसतील. पितांबरी किंवा तशा पावडरी ताम्हण, पंचपात्री, समईचा दांडा यांना खुशाल वापरा. चेहऱ्यामोहऱ्याचं बारीक काम असलेल्या मूर्तीला नको. अमोनियाचा उग्र वास असलेलं पॉलिशही मूर्तीपासून लांबच ठेवा. ताण असलेल्या पितळेला अमोनियाने तडा जाऊ शकतो.

५. धुणं

पूजेतल्या मूर्तीला हात लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा भटजींना विचारून घ्या. कुठल्या दिवशी हलवायची, सोवळ्यात की कशी, हे घराघराचं वेगळं असतं. शोभेच्या मूर्तीला ही अडचण नाही.

आधी कोरडी धूळ ब्रशने झाडा. सुटणारे भाग काढून ठेवा: नटराजाची प्रभावळ, देवीचं त्रिशूळ, मारुतीची गदा. हे भाग मोरीत वाहून जातात म्हणून परातीत काम करा, वाहत्या नळाखाली नको.

कुंकू, हळद, गंध साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने निघतं. खाचेत घट्ट बसलं असेल तर ओलं करून बांबूच्या काडीने हळूच उचला, सुईने नाही. शेंदराचं पुट असेल तर ते कोरडं खरवडू नका. खरा शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो, त्याची पूड श्वासात जायला नको. ओला ठेवूनच काढा, हातमोजे घाला आणि तो कपडा टाकून द्या.

समईचं वाळून डिंकासारखं झालेलं खोबरेल हे गोव्यातलं खास दुखणं, आणि समईशेजारच्या मूर्तीवरही त्याचे शिंतोडे असतात. त्यावर तांदळाचं पीठ किंवा बेसन चोळा. तेल पिठात उतरतं. मग साबणाचं गरम पाणी.

विसळण्याचं पाणी महत्त्वाचं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं, म्हणजे ज्या मिठापासून वाचवायचं तेच आपण ओतत असतो. शेवटचं विसळणं आरओच्या पाण्याने करा. पोकळ मूर्ती धुवायची नाहीच. ओलसर कपड्याने पुसायची आणि लगेच कोरड्या कपड्याने.

रोज अभिषेक होत असेल तर पंचामृतानंतर मूर्ती दोनदा साध्या पाण्याने धुवा. दही आणि मध दोन्हींत आम्ल असतं, ते कानामागे आणि कमरेच्या खाचेत राहून जातात. आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही: ओतकाम सोपं व्हावं म्हणून पितळेत थोडं शिसं घालण्याची पद्धत आहे. शोभेच्या म्हणून विकलेल्या मूर्तीवरून ओघळलेलं पंचामृत तीर्थ म्हणून पिऊ नका, मुलांना तर नकोच. तीर्थासाठी वेगळ्या चांदीच्या किंवा कल्हई केलेल्या वाटीत घ्या.

६. आंबट: कधी आणि किती

घट्ट हिरवा कळंक साबणाने गेला नाही तरच आंबटाकडे वळा. गोव्यात आमसूल, चिंच आणि बिंबलं (झाडाला लागणारी हिरवी आंबट फळं) हे तिन्ही घरात किंवा परसात असतात. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, त्यामुळे ते सगळ्यात जलद चालतं आणि म्हणूनच सगळ्यात जपून वापरायचं. नवशिक्यांनी आमसुलाचं पाणी घ्यावं.

आमसुलं कोमट पाण्यात कुस्करून गाळा. कापसाने फक्त डागावर लावा. दोन-तीन मिनिटं थांबा, ब्रशने फिरवा, धुवा. लगेच लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने धुवा म्हणजे उरलेलं आंबट मरतं. मग आरओचं पाणी. डाग राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. रात्रभर भिजवून ठेवणं म्हणजे गुलाबी चट्ट्यांना आमंत्रण.

मीठ अजिबात नाही. लिंबू-मीठ, व्हिनेगर-मीठ, टोमॅटो केचप हे सगळे घरगुती नुस्खे फटाफट चमक देतात, आणि प्रत्येकात मीठ आहे. कोरड्या हवेच्या गावात ते एकवेळ चालून जातं. इथे तेच मीठ खाचेत राहतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि फिकट हिरव्या ठिपक्यांची सुरुवात होते.

चमक हवीच असेल तर चॉकची पूड पाण्यात कालवून दुधासारखी पेस्ट करा आणि सुती कपड्याने हलक्या हाताने फिरवा. उंच भाग उजळवा, खाचा काळ्याच राहू द्या. दागिने, मुकुट, बोटं त्यामुळेच उठून दिसतात.

७. वाळवणं

याला धुण्याच्या दुप्पट वेळ द्या.

टिपून घ्या, मग ड्रायरच्या कोमट (गरम नव्हे) हवेने सगळ्या बाजूंनी वाळवा. आता कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि प्रभावळीच्या मागे, हत्तीच्या सोंडेखाली, बैठकीच्या आतल्या कडेला फिरवा. हात लावून कोरडं वाटलेल्या जागी काडी ओली निघते, हे बघितलं की पुन्हा ‘पुसली, झालं’ म्हणवत नाही. काडी सगळीकडून कोरडी येईपर्यंत ड्रायर चालू ठेवा. मग पंख्याखाली आडवी करून रात्रभर. बाहेर पाऊस कोसळत असेल तर त्या दिवशी धुणंच काढू नका.

वाळल्यावर उघड्या हाताने उचलू नका. घामात मीठ असतं, बोटांचे ठसे आठवड्याभरात काळे उमटतात. कपड्यात धरा.

८. वरून काय लावायचं

खोबरेल लावायची जुनी सवय सोडा, असा सल्ला मी देते आणि त्यावर घरातल्या मोठ्यांशी थोडं वाजतंही. तेलाने चमक दिसते, पण त्याला धूळ चिकटते, ते खवट होतं आणि त्यातल्या आम्लाने पुन्हा हिरवं सुटतं.

शोभेच्या मूर्तीला मायक्रोक्रिस्टलाइन मेण उत्तम. नखाएवढं मेण सुती कपड्यावर घ्या, अगदी पातळ पसरवा, काही मिनिटांनी कोरड्या कपड्याने उजळवा. जाड लावलं तर खाचांत पांढरं साचतं. हे मेण सगळ्याच मूर्तींना नाही: रोज अभिषेक होणारी असेल तर सोडून द्या, तिला रोजचं पुसणं हेच संरक्षण.

९. ठेवायची जागा

- पश्चिमेच्या, समुद्राकडच्या खिडकीत नको. बाल्कांवावर (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) किंवा बाल्कनीत तर नकोच, कितीही छान दिसली तरी.
- जांभ्याच्या भिंती पावसात ओल धरतात. मूर्ती भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.
- नव्या प्लायवूडच्या, एमडीएफच्या बंद कपाटातून आंबट वाफा येत राहतात. जुनं सागवान किंवा काच-धातूचं कपाट बरं.
- खाली रबरी चकती नको, रबरातल्या गंधकाने काळा डाग पडतो.
- गुंडाळायला वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकची पिशवी नको. धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड.

फिकट हिरवे ठिपके परत परत येणारी मूर्ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, सोबत आर्द्रतामापक. आत आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राहिली की ती कीड जवळपास थांबते. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओल पिऊन हिरवं झालं की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येतं. त्यानेही आटोक्यात आलं नाही तर धातूसंवर्धन करणाऱ्या जाणकाराकडेच न्या. त्यावरची रसायनं विषारी असतात, घरी करण्यासारखी नाहीत.

१०. वर्षाचं गणित

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. आणि आपली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नेमकी याच दिवसांत. सगळं गोवा सर्वांत दमट हवेत पितळ घासायला बसतं.

मोठी धुलाई मे महिन्याच्या सुरुवातीला, कडक उन्हात उरका. तेव्हाच मेण लावा आणि चवथीला न लागणाऱ्या मूर्ती डब्यात जाऊ द्या. चवथीला फक्त समई, निरांजन, ताम्हण घासा. मूर्ती कोरड्या कपड्याने पुसून मांडा. माटोळीखाली (चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) पितळी मूर्ती मांडत असाल तर वरून फळांचा चीक-रस ठिबकत नाही ना, ते रोज बघा. दिवाळीआधी डबे उघडून तपासणी, हवं तर मेणाचा दुसरा हात.

११. नवीन घेताना, जुनी मिळाली तर

बाजारातल्या पितळी मूर्ती बऱ्याचशा उत्तरेकडून येतात, मुरादाबाद-अलीगडच्या. मेणाचा नमुना करून त्यावरून एकेक ओतलेल्या दाक्षिणात्य मूर्तींसाठी तमिळनाडूतलं स्वामीमलै प्रसिद्ध. तिथल्या कांस्यमूर्तींना भौगोलिक मानांकन आहे. डिचोली-म्हापशाची कांसार मंडळी पूर्वापार समया आणि पितळी भांड्यांसाठी नावाजलेली.

घेताना चेहरा बघा, मग बोटं, मग पाठ. पाठीमागचं काम सोडून दिलं असेल तर भावही त्याप्रमाणे करा. भाव वजनावर असेल तर चुंबक खिशात हवाच. आयुधंही तपासा. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या क्रमाने आहेत त्यावरून केशव, नारायण, माधव अशी चोवीस रूपं ठरतात, तेव्हा क्रम वेगळा दिसला म्हणून लगेच चूक म्हणू नका. एखादं आयुधच गायब असेल तर मात्र म्हणा. शांतादुर्गा मागितली की सिंहावरची अष्टभुजा पुढे करणारे दुकानदार भेटतील. कवळ्याची देवी शिव-विष्णूंमधला तंटा मिटवणारी, हातांत दोन नाग धरलेली. देवघरासाठी घेत असाल तर अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत उंची हा जुना दंडक आहे.

‘शंभर वर्षांपूर्वीची आहे, ताई’ असं किनारपट्टीच्या दुकानात कोणी सांगितलं तर दोनच शक्यता. खोटं असेल तर तुम्ही जास्त पैसे मोजताय. खरं असेल तर १९७२ च्या केंद्रीय पुरावस्तू कायद्याचा विषय येतो: शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती नोंदवावी लागते, मालक बदलला तर कळवावं लागतं, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

वारशाने आलेली मूर्ती तितकी जुनी वाटत असेल तर घाबरू नका आणि लपवूही नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं गोवा मंडळाचं कार्यालय जुन्या गोव्यात आहे, तिथे नोंदणीची चौकशी करा. जाताना सोबत ठेवा:

- चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून
- उंची, रुंदी, वजन
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- मूर्ती घरात कशी आली त्याचा कागद. कुटुंबात इन्व्हेंटरी (वारसाहक्काच्या वाटणीची गोव्यातली कायदेशीर प्रक्रिया) झाली असेल तर त्या यादीत तिचा उल्लेख आहे का बघा

आणि तोवर ती मूर्ती घासू नका. वरचा जुना थर हाच तिच्या वयाचा एक पुरावा असतो.

परदेशात नव्या मूर्ती नेणाऱ्यांनी पक्कं बिल घ्यावं. मूर्ती जुनाट दिसत असेल तर ती पुरावस्तू नाही असं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, विमानतळावर अडकल्यावर ते मिळत नाही. जड मूर्ती हातसामानात अडवतात, चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत घट्ट.

१२. मोडली तर

हात सुटला, प्रभावळ तुटली, तर तुकडे एका पुडीत जपून ठेवा आणि झटपट डिंक लावू नका. नंतर डाख लावताना तो अडथळा होतो. पूजेतली मूर्ती खंडित झाली तर पुढचं भटजींना विचारा. नदीत सोडायची घाई नको, धातूची मूर्ती दुरुस्त होते किंवा वितळवून पुन्हा ओतता येते.

कारागिराकडे देताना स्पष्ट सांगा: फक्त जोड द्यायचा, बफिंग करायचं नाही. न सांगता मशिनवर फिरवून आणून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्या चाकाखाली भुवया-ओठ बसायला मिनिटभर पुरतं. देण्याआधी चेहऱ्याचा जवळून फोटो काढा, आणि पावतीवर वजन लिहून घ्या.